कोरडी बैठक

मिस्त्रीने जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेला आरसा आणून त्याच्या हातात ठेवला. "हा काही नव्या बोटीला बसत नाही, दातवाले साहेब. तुमचा तुम्ही घेऊन जा." बोटींच्या दुकानात त्याला सगळे दातवालेच म्हणत, कारण तो कवळ्या आणि दातांच्या कॅप बनवायचा. दुकानाच्या मालकाची वरची कवळी त्याच्याच हातची होती. हा मालक म्हणजे एक नंबरचा गोडबोल्या. गेली अठरा वर्षं तीच कवळी दाखवत हसून हसून तो ह्याला बोटी विकत आला होता. म्हणजे ज्या हसण्याला तो दर वेळी भुलायचा ते हसू त्यानेच घासून, पॉलिश करून दिलेलं, ही गंमत त्याच्या बायकोने त्याला कैकदा ऐकवली होती. पण आत्ता गोडबोल्या जागेवर नव्हता. होता फक्त मिस्त्री, हात कोपरापर्यंत काळे, आणि मध्ये ट्रेलरवर चढवलेली आठवी बोट, अजून प्लास्टिकच्या आवरणात. त्याने चिंधी उघडली. फुगीर काचेत त्याचंच नाक मोठं होऊन आलं, त्यावर कपाळ, त्यावर पांढरी टोपी, आणि पाठीमागे सगळं दुकान मुठीएवढं होऊन बसलेलं. आरसा बसत नाही, एवढीच गोष्ट. जगात कितीतरी वस्तू कशावर तरी बसत नाहीत, त्याचा तर पोटापाण्याचा धंदाच न बसणाऱ्या वस्तू बसवण्याचा. तरी त्याने बोटीच्या गार अंगावर हात टेकला.

"आरसा लागतच नाही हिला," मिस्त्री समजावत होता. "मागे कॅमेरा आहे, पुढे पडदा. मागचा माणूस कसा स्वच्छ दिसतो बघा. पाणी उडालं तरी कॅमेरा आपला आपण पुसला जातो."

"पाणी उडालं तरी?"

"तरी."

"मला आरसाच लागतो," तो म्हणाला. "सवय आहे."

"लावला असता हो मी. पण हिच्या चौकटीची नळी बारीक, तुमचा क्लॅम्प त्यावर सैल पडतो. मारून मुटकून आवळला तर रंग जाईल. नव्या बोटीला ओरखडा काढायचा?" मग मिस्त्रीने उगीचच हात पुसले आणि जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, "जुनीचं मीटर काढलं मी. अडीच वर्षांत एकतीस तास चाललीय. लोक एका उन्हाळ्यात ह्याच्या तिप्पट चालवतात. आणि एकूण एक तास टाक्या गच्च भरून. मशीन सगळं लिहून ठेवतं हल्ली. मागे कोण असतं, साहेब?"

"मुलगी," तो म्हणाला.

खोटं इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. मिस्त्रीने मान डोलावली. मिस्त्री भला माणूस होता, त्याने पुढे विचारलं नाही, आणि न विचारणाऱ्या भल्या माणसांची त्याला आता भीती वाटायला लागली होती. घरी त्यातलीच एक होती.

ह्या बोटीचं सगळं उलटं असतं. इतर बोटी हलक्या हव्यात, भरधाव हव्यात, पाण्यावर ओरखडाही न काढता जाव्यात असं लोकांना वाटतं. ही बोट मुद्दाम जड करायची. पोटात टाक्या असतात, तलावाचंच पाणी पंपाने आत ओढून त्या भरायच्या, म्हणजे बोट बुडाशी बसते आणि चालताना मागे उंच, गुळगुळीत, दोन्ही अंगांनी उताराची लाट काढते. त्या लाटेसाठीच सगळा खटाटोप. मागे लांब दोर, दोराला दांडी, दांडी धरून फळीवर उभा माणूस, दोन्ही पाय फळीवरच्या बुटांत घट्ट आवळलेले. लाटेवर चढायचं, लाटेवरून उडायचं, पलीकडे उतरायचं. चालवणाऱ्याने पुढे बघायचं, अधूनमधून आरशात. आणि त्याच्या शेजारी, उलट तोंड करून, एकाने बसायचंच बसायचं, असा तलावाचा नियम. त्याचं काम एकच: मागच्यावरून नजर काढायची नाही आणि दिसेल ते मोठ्याने सांगायचं. 'उठली' म्हणजे पाण्यातून फळीवर उभी राहिली. 'पडली' म्हणजे पडली. 'सोडला' म्हणजे तिने आपण होऊन दोर सोडला, वेग कमी करा, वळा, तिला घ्यायला परत जा. मागच्याला बोलता येत नाही, इंजिनपुढे कोणाचं ऐकू येणार. तो खुणा करतो. अंगठा वर, जोरात. अंगठा खाली, हळू. तळहात डोक्यावर थोपटला की बास, काठाला घेऊन चला, घरी. चालवायचा तो, नजर ठेवायची बायको, मागे मुलगी. अशी आठ वर्षं गेली. तिघं एकाच बोटीत, आणि कोणी कोणाकडे सरळ तोंड करून बसलेलं नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

पहिली बोट घेतली तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती. जुनी, तिसऱ्या हाताची, टाक्याबिक्या काही नाहीत, तळाला पाण्याने भरलेल्या चार रबरी पिशव्या ठेवायच्या आणि त्या फुटल्या की बादलीने उपसायचं. ती ट्रेलरवरून घरापुढे आली तेव्हा थंडीत बंद असलेला तलाव उघडायला अजून तीन आठवडे होते. पोरीने भोकाड पसरलं: आत्ताच बसायचं. मग घरासमोरच्या फरशीवर, ट्रेलरवर, कोरड्यातच तिघं चढून बसली, ती तर तरंगण्याचं जाकीट घालून. मागच्या फळकुटावर उभी राहून, हवेतल्या दांडीला धरून तिने अर्धा तास लाटा कापल्या, आणि बायको उलटी बसून 'उठली!', 'पडली!' ओरडत होती, आणि रस्त्यावरून जाणारे बघत होते. तेव्हापासून प्रत्येक नव्या बोटीची पहिली बैठक कोरडी. घराचा रिवाजच पडला. तेव्हाच त्याने तिला उभं राहायचं शिकवलं. पाण्याकडे बघितलंस की पाण्यात जाशील, म्हणाला, माझ्या टोपीकडे बघ, टोपीवरून नजर काढू नकोस. पांढरी टोपी त्याने त्यासाठीच घेतली, लांबून दिसावी म्हणून. ती म्हणायची, मला बाबा दिसतच नाहीत, नुसती टोपी पळत असते. मग तिचे पाय वाढले, बुटांचे नंबर वाढले, तेराव्या वर्षी दुसरी बोट, चौकट असलेली, दोर उंचावरून बांधता येईल अशी, सोळाव्या वर्षी तिसरी, पोटातल्या टाक्यांची. ह्या तीन बोटी तिच्यासाठी होत्या, ह्यात त्याला कधी शंका आली नाही. पुढच्या कोणासाठी, हे गोडबोल्याने कधी विचारलं नाही. तो दर अडीच वर्षांनी फोन करायचा, "साहेब, नवीन आलीय, लाट अशी मऊ काढते की मूल झोपेल," आणि हा दुसऱ्या दिवशी जाऊन नाव लिहून यायचा. मऊ ह्या शब्दाला तो भुलायचा. चौथीची लाट तिसरीपेक्षा मऊ होती, पाचवीची चौथीपेक्षा. सहावीला गरम गाद्या होत्या. सातवीला दोराला बसणारा हिसका आपोआप जिरवणारी कसलीशी स्प्रिंग. प्रत्येक वेळी त्याला खरोखर वाटायचं की हिच्यामागे ती पडलीच नसती. आणि प्रत्येक बोट परत करताना जुनीतून एकच वस्तू काढून तो नवीवर चढवायचा. तिसऱ्या बोटीचा आरसा.

दुपारी तो आरसा घेऊन आपल्या कारखान्यात आला. कारखाना म्हणजे दोन खोल्या: एकीत प्लास्टर आणि साचे, दुसरीत भट्टी, घासायची मोटर आणि ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. कामगार जेवायला गेले होते. त्याने खिडकीशी बसून नव्या नळीच्या मापावर मेण वळवलं. मिस्त्रीने नळीचं माप एका जुन्या बिलाच्या मागे लिहून दिलं होतं. मग त्याने साचा घेतला आणि हिरड्यांसाठी असतो तो गुलाबी मसाला कालवला, कारण आता हाताशी तोच होता आणि त्या मसाल्याला त्याच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं. नाकात तो ओळखीचा, डोक्यात चढणारा वास शिरला. बसत नाही म्हणजे काय, बसवू. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. माणूस येतो, म्हणतो दात टोचतो, मग त्याच्या दातांमध्ये रंगीत कागद धरायचा, चाव म्हणायचं, जिथे रंग उमटेल तिथे उंचवटा, तेवढाच घासायचा. केसाएवढा. पुन्हा कागद, पुन्हा चाव. शेवटी माणूस म्हणतो, आता काही कळतच नाही, आहे की नाही. त्यालाच बसणं म्हणायचं. त्या गोष्टीलाही त्याने दहा वर्षं असंच घासलं होतं. पण जीभ अजून तिथेच जायची.

त्या दिवशी पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. सकाळ होती, तलावावर दुसरं कोणी नव्हतं, आणि टाक्या अशा नेमक्या भरल्या गेल्या होत्या, वेग असा नेमका धरला गेला होता, की मागे जी लाट निघाली ती त्याने आयुष्यात बघितली नव्हती. एकही बुडबुडा न राहता प्लास्टर ओतलं जातं तेव्हा त्याला जसं वाटायचं, तसं वाटलं. तो आरशात लाटच बघत होता, हे त्याला आता कबूल होतं. मुलगी त्या लाटेवर होती, एवढंच. अठरा वर्षांची. दोन महिन्यांनी तिची अग्निशमन दलाची शारीरिक चाचणी, खांद्यावर पाइप घेऊन सहा मजले चढायचे. लेखी परीक्षा ती पास झाली होती, घरात तिने पत्र आरशाला चिकटवून ठेवलं होतं, न्हाणीघरातल्या. आणि आरशात तिने तळहात डोक्यावर ठेवला. दोनदा थोपटला. बायको म्हणाली, "घरी म्हणतेय. वळवा." तो म्हणाला, "एकच फेरी." बायको म्हणाली, "अहो, दमलीय ती, दिसतंय मला." तो म्हणाला, "एकच गं." लाट अजून तशीच होती. अशी पुन्हा निघेल न निघेल. वळणावर, काही उडीबिडी नाही, काही नाही, फळीची एक कड पाण्यात रुतली. "पडली," बायको म्हणाली. रोज म्हणायची तसंच म्हणाली, आणि मग रोज म्हणायची नाही असं काहीतरी तिच्या तोंडून निघालं, शब्द नव्हता तो.

दवाखान्यात, गुडघा बांधून ठेवणाऱ्या चार दोऱ्यांपैकी दोन तुटल्यात असं सांगून डॉक्टर गेल्यावर, मुलीने विचारलं होतं, "बाबा, मी खूण केली होती. दिसली नाही?" रागाने नाही विचारलं. नुसतं. आणि तो म्हणाला, "आरशावर पाणी उडालं होतं गं. दिसलंच नाही." वाक्य तयार नव्हतं. ते आलं, आणि आल्या आल्या घट्ट झालं, मसाला भांड्यातच घट्ट होतो तसं. मुलीने आईकडे बघितलं. आई पांघरुणाची घडी नीट करत होती. "मी ओरडले," ती म्हणाली, "पण इंजिनचा आवाज किती असतो." बस्स. त्या एका वाक्यात बायकोने त्याला वाचवलं आणि त्याच वाक्यात ती त्याच्यापासून उठून गेली. त्यानंतर ती कोरड्या बैठकीपुरतीच बोटीत चढायची, पाण्यावर कधीच नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती थट्टा करायची, घरचं सगळं बघायची, त्याची पांढरी टोपी दर आठवड्याला धुऊन, वाटीवर उपडी घालून, आकार न जाता वाळवायची. आणि कधीही, एकदाही, त्या सकाळीबद्दल बोलायची नाही. खोट्याला दोघं धरून होती, दोन टोकांनी, ओली चादर पिळताना धरतात तशी.

आळ घेतला तो आरशावर. ज्याच्यावर खोटा आळ घेतला त्याला टाकून कसं द्यायचं? सातही महिने थंडीचे तो आरसा घरात आणून पुसायचा. मग बोट पाण्यात उतरली की एकटाच जायचा, आठवड्यातल्या मधल्याच एखाद्या दिवशी, सकाळी. टाक्या गच्च भरायचा. दोर मागे सोडायचा. दोराच्या टोकाला दांडी, कोणी न धरलेली, पाण्यावर टणाटणा उड्या मारत यायची. लाट निघायची, दर बोटीगणिक मऊ, दर बोटीगणिक उंच, आणि तिच्यावर कोणी नसायचं. तो आरशात बघत राहायचा. इंजिनाच्या आवाजात मोठ्याने म्हणायचा, "मी पाहिलं होतं." तीन शब्द. सरावाने ते सफाईदार झाले होते. कधी 'बाळा' लावून, कधी न लावता. त्याला पक्कं वाटायचं की एक बोट अशी येईल, की तिच्यात बसल्यावर हे शब्द आपोआप निघतील. एकतीस तास, मिस्त्री म्हणाला. म्हणजे एकट्या सातव्या बोटीत एकतीस तास तो हेच म्हणत होता.

मोटरवर त्याने गुलाबी तुकडा घासला, पुन्हा घासला, पॉलिश केला. रविवारी सकाळी, बोट घरापुढे येऊन उभी राहिल्यावर, तो चौकटीवर क्लॅम्पच्या आत त्याने सरकवला. खटकन बसला. केसाचीही जागा राहिली नाही. आरसा हलवून पाहिला, हलेना. त्या क्षणी त्याला इतकं बरं वाटलं की त्याने ठरवून टाकलं: आजच. मुलगी बाराला यायची होती. आज कोरड्यातच सांगायचं, पाण्याची वाट बघायची नाही.

मुलगी आली. ती आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि आणीबाणीच्या फोनवर काम करायची. अग्निशमन दलातच, पण खाली, टेबलाशी, कानाला यंत्र लावून. जिथे आग लागते तिथे इतर जण जायचे. ती दरवाजातून आली आणि त्याने सवयीप्रमाणे तिचे पाय बघितले: आधी डावा, मग उजवा त्याच्या शेजारी, मग पुन्हा डावा.

"आठवी ना?" ती बोटीभोवती फिरत म्हणाली. "काय काय आहे हिच्यात?"

"विचारू नकोस," बायको दारातून म्हणाली. "सकाळपासून मला सांगतायत. खुर्ची गरम होते, पाठ दाबून देते, गाणी म्हणते. मी म्हटलं आता हिलाच घरात घ्या, मी ट्रेलरवर झोपते."

मुलगी हसली. तोही हसला. तिघांचं हसणं असं एकत्र निघालं की वाटावं काही झालंच नाही. त्याने शिडी लावली. मुलगी चढताना त्याने हात पुढे केला, तिने तो न बघितल्यासारखं करून कडेची नळी धरली आणि डावा, मग उजवा, अशी चढली. बायको पुसण्याचं फडकं हातात घेऊनच आली. जो तो आपापल्या जागी बसला. तो चाकाशी, टोपी घालून. शेजारी बायको, तोंड मागे करून, कारण जागाच तशी होती. मुलगी सगळ्यात मागे, पाठीकडच्या गादीवर, पाय लांब करून. प्लास्टिकचा नवा वास होता. समोर, जिथे पाणी असायला हवं, तिथे घराची भिंत, पाण्याचा नळ आणि उपडी बादली.

"हे काय गुलाबी?" मुलगी म्हणाली. "हिरड्या?"

"नळी बारीक होती. तुकडा करून बसवला."

"आरशाला हिरड्या फुटल्या," बायको म्हणाली. "आता दातही येतील."

पुन्हा हसणं झालं. मग ते संपलं, आणि त्याला कळलं की हीच ती वेळ. काहीतरी विचारावं म्हणून त्याने विचारलं, "काम कसं चाललंय?"

"चाललंय. परवा एकाने फोन केला, शेगडी आपोआप पेटली म्हणे. सगळ्यांची शेगडी आपोआपच पेटते, बाबा. पहिल्या वाक्यात कोणी खरं सांगत नाही."

"मग तू काय करतेस?"

"काही नाही. गाडी पाठवते आणि गप्प बसते. फोन चालू ठेवून. आपण गप्प बसलो ना, की माणूस सांगतो. मी झोपलो होतो, मी रागात होतो, काय असेल ते. बहुतेक सांगतात."

"आणि न सांगणारे?"

"ते फोन ठेवतात."

शेजारी बायकोचं फडकं थांबलं होतं. त्याला तिचा एक कान आणि केसांची कड दिसत होती. त्याने चाकावर हात ठेवले. आरशाकडे बघितलं. फुगीर काचेत लांबवर, लहानशी, स्वच्छ, त्याची मुलगी बसली होती. अठ्ठावीस वर्षांची. तिने आरशात त्याच्याकडे बघितलं, आणि मग हळूच, मजेत असल्यासारखा, आपला तळहात उचलून डोक्यावर ठेवला. दोनदा थोपटला.

आरशावर एक थेंब नव्हता. आजच सकाळी पुसला होता त्याने.

"दिसलं, बाबा?"

तीन शब्द जिभेवर आले होते. त्यांचा आकार त्याला तोंडात लागत होता, टाळूला, दातांना. एकतीस तास घासलेले, सगळे उंचवटे काढलेले. ते बाहेर पडायला फक्त तोंड उघडायचं होतं, आणि त्याने उघडलंही.

"काय गं?" तो म्हणाला. "आरशाचा कोन जरा चुकलाय. दिसलं नाही."

ती थांबली. ते थांबणं कसं होतं हे त्याला नीट कळत होतं, तिने आत्ताच तर सांगितलं होतं. गाडी पाठवून, फोन चालू ठेवून. तो आरशाचा कोन नीट करू लागला, जो नीटच होता. गुलाबी तुकडा जरासाही हलेना. रस्त्यावरून कोणीतरी सायकलवरून गेलं. आत्ता, तो स्वतःला म्हणाला, अजून वेळ आहे, आत्ता. आणि कोन नीट करत राहिला.

"टोपी हलली, बाबा," मुलगी म्हणाली.

"काय?"

"तुमची टोपी. आत्ता हलली. मी खूण केली आणि ती अशी हलली, नाही नाही म्हणून." ती शांतपणे बोलत होती, पत्ता सांगणाऱ्या आवाजात. "तेव्हाही अशीच हलली होती. दोनदा. मी टोपीकडेच बघत होते. तुम्हीच सांगितलं होतं, टोपीवरून नजर काढायची नाही."

त्याचा हात टोपीकडे गेला आणि मध्येच थांबला. दहा वर्षं. तिला दहा वर्षं माहीत होतं, दवाखान्यात विचारलं तेव्हाही माहीत होतं, माहीत असूनच विचारलं होतं. चौथी बोट बघायला आली तेव्हा, पाचवी, सहावी, गरम गाद्यांवर हात फिरवून 'छान आहे' म्हणाली तेव्हा. बायकोने त्याच्यासाठी जे खोटं धरून ठेवलं होतं, ज्याच्यापायी ती अर्धी झाली होती, त्याची गरजच कोणाला नव्हती. त्याला वळून मागे बघायचं होतं, सरळ, आरशाशिवाय. मान वळेना.

"किती बोटी लागतात ते बघत होते मी," मुलगी म्हणाली. "आता नाही बघत."

ती उठली. ट्रेलरच्या चाकावरच्या पत्र्यावर आधी डावा पाय टेकला, मग उजवा त्याच्या शेजारी. मग फरशीवर, डावा, उजवा. आरशात ती अजून लहान होत गेली. फाटकाची कडी वाजली. ती थांबली नाही आणि घाईही केली नाही, चालायची तशीच चालत गेली, आणि काचेच्या कडेशी तिची सावली वाकडी होऊन नाहीशी झाली.

बायको उलट तोंड करून बसली होती तशीच होती. तिची नजर फाटकावर होती. दहा वर्षांत तिने ह्या जागेवरून नजर ठेवणाऱ्याची एकही हाक दिली नव्हती. आता दिली, जुन्या आवाजात, इंजिनावरून ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

"सोडला."

त्याच्या हातांना नियम पाठ होता: वेग कमी करायचा, चाक पूर्ण फिरवायचं, ती तरंगत असेल तिथे परत जायचं. त्याने चाक फिरवलं, शेवटपर्यंत. खाली, ट्रेलरच्या दांड्यांमध्ये, सुकाणू कोरड्या हवेत हळूहळू वळलं आणि थांबलं.